चिपाडाच्या खुर्च्या

उसाच्या चिपाडाची ती नवी खुर्ची बसणाऱ्याला आपली जन्मकथा सांगत होती, "मला आक्काताईंनी ओव्या गात घडवलं."

प्रदर्शनात खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांचे डोळे पाणावले. खास बोलावलेल्या आक्काताईंचं मात्र माथं भडकलं. कारखान्यातल्या रसायनाच्या वाफेत धड श्वास घेता येत नसे, ओव्या कुठल्या!

"हे खोटं कुणी भरलं हिच्यात?"

"मी," डिझायनर रेवती म्हणाली. "नवी वस्तू आपलीशी वाटायला गोष्ट लागते, आक्का. तुमचा खोकला ऐकत कोण बसेल?"

"आमी बसलो न्हवं सहा वर्सं!"

आक्काताईंनी तिच्या हातातला, खुर्च्यांत गोष्ट भरायचा माइक हिसकावला. "माझी जाऊ सुगंधा ह्या खुर्च्या करताना गुदमरून मेली."

दालनातल्या चाळीसही खुर्च्या तेच बोलू लागल्या. पाहुणे ताडकन उठले.