जुना पंप

धम्मानंद मिस्त्रीनं गाडीच्या इंजिनावरचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकला. टायमिंग बेल्टला बारीक चिरा पडल्या होत्या. बेल्टच्या मागं, मुठीएवढा, पाण्याचा पंप.

"बेल्ट तर बदलायचाच," तो म्हणाला. "बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेरिंग बी आवाज करायलंय, ते बी टाकू. राहिला पंप. तो ह्याच बेल्टवर फिरतोय. उद्या पंप जाम झाला तर नवा बेल्ट तुटंल, अन् बेल्ट तुटला की इंजनच गेलं. बोला, काय करू?"

गाडीच्या एका अंगाला मृत्युंजय उभा होता, दुसऱ्या अंगाला धाकटा मन्मथ. सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून त्यांच्यात बोलणं नव्हतं. उदगीरच्या बाजारात समोरासमोर आले तर एक जण चप्पल बघायचा, दुसरा दुकानांच्या पाट्या. शेत वाटलं, घर वाटलं, म्हशी वाटल्या. वडिलांची ही गाडी तेवढी सामाईक राहिली होती. आळीपाळीनं वापरायची आणि पाळी संपली की चावी आईच्या घरी, दाराजवळच्या खिळ्याला लावायची. एकट्यानं काम करून आणलं असतं तर दुसऱ्याला पटलं नसतं, म्हणून आज दोघंही आले होते.

"पंपाला हात लावू नको," मृत्युंजय धाकट्याकडं न बघता म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात म्याच नवा टाकलाय. तेनं निम्मे पैसे बी दिलेत."

मन्मथनं उत्तर धम्मानंदलाच दिलं. "तेला इचार, नवा टाकला तर जुना कुठाय?"

प्रश्न रास्त होता. इकडचा कुठलाही मिस्त्री जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय काम संपलं म्हणत नाही. गिऱ्हाईकही तो घरी नेऊन कोनाड्यात ठेवतं, कारण उद्या कुणी विचारलं तर तेवढाच पुरावा.

"बिदरला टाकलता. जुना तिथंच राहिला," मृत्युंजय गाडीच्या काचेकडं बघत म्हणाला.

"तेला म्हणावं, पंप काढून बघू. जुना निघाला तर गाडी इकायची. आपापला वाटा घ्यायचा अन् मोकळं व्हायचं."

"दोघांला बी ऐकू येतंय की," धम्मानंद वैतागला. "माझं पोस्ट हापिस कशाला करायलाव?"

भिंतीकडेच्या बाकड्यावर त्यांची आई, पार्वतम्मा, बसली होती. गाडी गॅरेजला चालली म्हटल्यावर ती न विचारता मागच्या सीटवर येऊन बसली होती. 'इकायची' हा शब्द ऐकला आणि ती बाकड्याच्या कडेला सरकली. पोरं एरवी तिच्या दाराकडं फिरकत नसत. चावी न्यायला यायची आणि चावी ठेवायला यायची. तेवढ्यात तिचा चहा उकळून व्हायचा. गाडी गेल्यावर ती कशाला येतील, ते तिला सुचेना.

"जुना पंप माझ्यापशी होता," ती म्हणाली.

तिघंही वळले.

"थोरल्यानं आणून दिलता. मन्मथाला दाखव म्हणला. मी इसरले. मग भंगारवाला आला, तेला देऊन लसूण घेतला."

मन्मथनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "केवढा होता, अव्वा?"

"केवढा म्हंजी? चांगला परातीएवढा." तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. "मला तर उचलंना."

धम्मानंदनं उगाच फडक्याला हात पुसले. मन्मथनं इंजिनात पाहिलं. मृत्युंजयनंही पाहिलं. पार्वतम्माचे हात अजून तसेच पसरलेले होते, आणि ती एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती.

मृत्युंजयनं नुसतं 'हाव, दिलता' म्हटलं असतं तर आईच्या तोंडावर तिला खोटी पाडायची मन्मथची छाती झाली नसती. मृत्युंजयला ते कळत होतं. त्याचे कान लाल झाले. त्यानं गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं आणि बराच वेळ रुमाल तोंडावरच ठेवला.

"धम्मानंदा," तो शेवटी म्हणाला, "पंप बी बदल."

"अण्णा, पण तुम्हीच तर—"

"बदल म्हणलं ना."

धम्मानंद कामाला लागला. नुसता पान्ह्याचा आवाज येत राहिला. बेल्ट निघाला, खाली ठेवलेल्या घमेल्यात पाणी सांडलं, आणि पंप बाहेर आला. त्याची पाती गंजून अर्धी झाली होती, वर क्षाराचे पांढरे थर चढले होते. वर्षानुवर्षांचा पंप होता तो. सांगायला मिस्त्री लागत नव्हता.

"जुना पार्ट कुणाकडं देऊ?" धम्मानंदनं सवयीनं विचारलं, आणि विचारल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

मृत्युंजय जमिनीकडं बघत राहिला. मन्मथचा हात पुढं झाला होता, पण त्याच्या आधी पार्वतम्मा उठली. "आण इकडं," म्हणाली.

धम्मानंदनं पंप तिच्या तळहातावर ठेवला. तो तिच्या एका हातात मावला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, पात्यांवरून अंगठा फिरवला.

"एवढासाच असतोय व्हय?" तिनं हळूच विचारलं.

मन्मथ तिच्याजवळ आला. खिशातून गाडीची चावी काढून त्यानं तिच्या दुसऱ्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"घरी गेल्यावर खिळ्याला लाव," तो म्हणाला. "आता पाळी अण्णाची हाय."