चार मजले
महिनाभर कॉलेजची लिफ्ट बंद होती आणि ती कुबड्यांवर चार मजले चढून मतं मागत होती. “निवडून आले की आधी लिफ्ट सुरू करीन,” एवढंच बोलायची. तळहातांवरचे फोड पाहून भलेभले विरघळायचे. आज ती विद्यार्थी संघाची अध्यक्ष झाली. वरच्या मजल्यावरच्या जल्लोषात प्रचार सांभाळणाऱ्या मावसभावाच्या खिशातून रुमालाबरोबर लिफ्टची किल्लीही बाहेर आली. “म्हणजे तूच बंद केलीस?” “नाहीतर तुला कुत्र्यानंही विचारलं नसतं,” तो हसला. “करू का चालू?” तेवढ्यात खालून व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीची हाक आली. तिने महिनाभर वर्गाचं तोंड पाहिलं नव्हतं. जिन्यापाशी बसून हिचाच प्रचार केला होता. “मला वर कधी आणतेस?” “आणते गं, आपलंच राज्य आहे,” तिने लाडाने सांगितलं. मग भावाला म्हणाली, “पुढच्या वर्षीही निवडणूक आहे,” आणि किल्ली पर्समध्ये टाकली.