कॉन्फरन्स कितपत तगडी

अकराव्या स्लाइडवर विक्रांतने कॉन्फरन्स दुबळी ठरवली आणि चहाचा घोट घेतला.

समोर सोफ्यावर त्याची मुलगी स्वरांगी बसली होती. अठरा वर्षांची, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. ओहायोतल्या एका कॉलेजाने तिला बास्केटबॉलसाठी स्कॉलरशिप देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. ते कॉलेज ज्या दहा कॉलेजांच्या गटात खेळतं, ती कॉन्फरन्स तगडी असेल तरच जायचं, असं विक्रांतनेच ठरवून टाकलं होतं. डब्लिनमध्ये, सँडीफोर्डच्या ऑफिसात तो पंधरा वर्षं आकडेच चाळत आला होता. बायको, पद्मिनी, ब्युमॉन्ट हॉस्पिटलात ड्यूटीवर गेलेली, त्यामुळे शंका काढणारं घरात कोणी नव्हतं.

"वीस वर्षांपूर्वी पहिल्या नंबरची टीम गटात अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरली होती," तो म्हणाला. "याला म्हणतात दरारा. आता बघ. पहिला नंबर सहा हरलाय. शेवटच्या नंबरनेसुद्धा त्याला धुतलंय. कोणीही उठतं नि कोणालाही हरवतं. पार रया गेलीय कॉन्फरन्सची."

आकडे खरे होते. निष्कर्ष शुद्ध लबाडीचा होता. गटातल्या गटात एक हरला की दुसरा जिंकतोच. त्यावरून गटाची ताकद कळत नाही, हे काल कामावर लागलेल्या ट्रेनीनेही सांगितलं असतं. ताकद कळते ती दुसऱ्या गटांशी खेळताना. तेही आकडे विक्रांतने मंगळवारीच काढले होते. वीस वर्षांपूर्वी ही कॉन्फरन्स बाहेर गेली की मार खाऊन परत यायची. आता तिच्या तळाच्या टीमनेही भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. ती शीट त्याने सेव्ह केली आणि बंद करून टाकली. पोरगी ओहायोला गेली की घर खायला उठणार, आणि ते त्याला नको होतं. बाकी काही कारण नव्हतं.

रडारड होईल, दारं आपटली जातील, या हिशेबाने त्याने आणखी चार स्लाइड राखून ठेवल्या होत्या.

"ग्रँड," स्वरांगी म्हणाली. "आय वोंट गो, सो."

विक्रांतने कप खाली ठेवला. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि तो लपवायला त्याने लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. पेपर पुढे ढकलला म्हटल्यावर पोरं जशी सैल पडतात, तशी ती सैल पडली होती. फोन हातात घेऊन तिने नकाराचा मेल लिहायलाही सुरुवात केली होती.

"डब्लिनमध्ये माझ्यासारखं कोणी नाही, यू नो," ती मान वर न करता म्हणाली. "ओव्हर देअर आय'ड बी नोबडी. ऑन द बेंच, लाइक. फोर इयर्स."

रोज सकाळी शाळेआधी ही पोर भुरभुर पावसात पार्किंगमधल्या बास्केटवर दोनशे शॉट मारायची. खिडकीतून विक्रांत ते मोजायचा. एकशेनव्वदवर ती कधी थांबलेली त्याने पाहिली नव्हती. तिला घाबरलेली मात्र तो आजच पाहत होता, आणि पळायला वाट त्याने स्वतः करून दिली होती, अकरा स्लाइड आणि तीन ग्राफ लावून. त्याला स्वतःची लाज वाटली.

"विल आय सेंड इट, बाबा?"

गुंडाळलेली वायर त्याने पुन्हा उलगडली.

"नको पाठवू," विक्रांत म्हणाला. "कॉन्फरन्स चांगली तगडी आहे. तुला सोडायची ताकद माझ्यात नव्हती, बाळा."