चौदावा नंबर

हेलेना शहरातल्या विधानभवनात त्या दिवशी नुसत्या शिकारीला घालायच्या केशरी टोप्याच टोप्या. शिकारी आलेले, गळ टाकणारे आलेले, आणि सगळ्यांचं मागणं एकच, की रानाचे आणि नदीचे पैसे कापू नका. बोलायला माणशी तीन मिनिटं. समितीचा अध्यक्ष होता कोल्टर, आणि चौदाव्या नंबरावर कोण उभं राहावं, तर त्याचाच बाप, म्हातारा ऑर्विल लुंडग्रेन.

"साहेब, आमच्या ओढ्यात ट्राउट मासे संपत आलेत. माझ्या पोराला मी तिथंच गळ टाकायला शिकवलं. चार वर्षं झाली, तो आला नाही. फोनही उचलत नाही. मासे टिकले तर एखाद्या रविवारी..."

घंटी वाजली.

"वेळ संपली, मिस्टर लुंडग्रेन," कोल्टर म्हणाला. "पुढचे कोण?"

ऑर्विल बाहेर आला आणि नावं लिहून घेणाऱ्या बाईंना म्हणाला, "पुढच्या आठवड्यालाही माझं नाव घाला."

"अहो आजोबा, पुढच्या आठवड्यात मासे नाहीत, रस्त्यांची सुनावणी आहे."



"अध्यक्ष तोच आहे ना? मग घाला."