भंगारातले ब्रेक

मेहुण्याने अक्कल पाजळून अपघातात ड्रायव्हरसकट समोरून चेपलेल्या गाडीचे मोठे ब्रेक भंगारातून स्वस्तात उचलून आणले, आणि ते त्याच्या गाडीला बसवायची हमाली दाजींच्या गळ्यात पडली. आता मेहुण्याला पेडल दाबायला बसवून, चाकाशी आडवे पडून, ते ब्रेकच्या पाइपातली हवा काढत होते.

“दाब!”

तेलाबरोबर बुडबुडे आले. दाजींनी नट आवळला. “सोड!”

त्यांनी डिस्क फिरवून पाहिली. जखडलेलीच.

“सोड म्हणतोय ना! कानात बोळे घातलेस का?”

“दाजी, कुणावर ओरडताय?” मेहुणा ब्रेक ऑइलची बाटली घेऊन फाटकातून आत येत होता.

तणतणतच दाजी उठले आणि त्यांनी गाडीचं दार खेचलं.

सीट रिकामी होती. पेडल मात्र तळाला टेकलेलं होतं, आणि थरथरत होतं, कुणीतरी जीव खाऊन दाबून धरल्यासारखं.