नाटकाचा वाराही न लागलेली बाई

लेशेकसरांचं उभं आयुष्य नाटकं बसवण्यात गेलं. पण पहिला सिनेमा करायला घेतला तेव्हा त्यांनी मला, म्हणजे त्यांच्या सहायकाला, बजावलं, "नटी नको. नाटकाचा वाराही न लागलेली बाई शोध."

मी वॉर्साच्या बाजारात आंबवलेला कोबी विकणाऱ्या इरमिनाबाईंना घेऊन आलो. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि सर खुर्चीत पुढे सरकले.

"याआधी कधी काम केलंय?"

"कोबी विकलाय."

सर खुशीत माझ्याकडे बघत होते, तेवढ्यात बाईंच्या हातून पानं निसटली. त्यांनी आधी पानांवर बूट दाबला आणि मगच ती वाकून उचलली.

सरांचं हसू मावळलं. पडलेली संहिता तुडवूनच उचलायची, नाहीतर नाटक पडतं, ही रीत इथे फक्त नाटकवाल्यांची.

"कुणाच्या नाटकात होता?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई पानं झटकत म्हणाल्या, "तुमच्याच. 'ही जन्मात नटी होणार नाही' म्हणून तुम्हीच काढलं होतंत. म्हटलं, आता तरी चालेन."