सैल हात

"अहो डॉक्टर, गिटारचा गळा आहे तो, चोराचा नाही! एवढा आवळताय कशाला?"

डॉक्टर ओशाळून हसल्या. दिवसभर मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचे पेशंट तपासणारी बाई. पण शिकवणीच्या या खोलीत सरांसमोर बसली की पार नवशिकी. तारा दाबून दाबून बोटं पांढरीफटक पडली होती.

सरांनी आपली ठरलेली परीक्षा घेतली. मनगट धरून हात उचलायचा आणि एकदम सोडून द्यायचा. सैल असेल तर तो धप्पकन मांडीवर पडतो. डॉक्टरांचा हवेतच राहिला.

"घ्या! खुंटीला टांगलाय का? हाच सैल नाही तर वाजवणार काय, डोंबल!"

"मग तुमचा दाखवा की."

"खुशाल बघा." सरांनी ऐटीत डावा हात पुढे केला.

डॉक्टरांनी एका हाताने त्यांचं कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट, आणि हात हळूच वाकवला. तो वाकला, अडकला. पुन्हा वाकला, पुन्हा अडकला. बिजागरी गंजलेली असावी तसा. असे हात त्या रोज दवाखान्यात धरत, पण ते परक्यांचे. त्यांनी सरांचा उजवा हात पाहिला. तो छान सैल होता.

"काय, बोलती बंद?" सर हसले.

"सर, डावा सैल सोडा ना."

"सोडलाय की!"

"नाही सुटलेला. उद्या दवाखान्यात या. तपासण्या करू. मला कंपवाताची शंका येतेय."

"काहीतरीच काय!" सरांनी हात समोर ताणून धरला. "कुठे थरथरतोय?"

"सगळ्यांचा आधी थरथरत नाही. काहींचा नुसता ताठतो. पण औषधं आहेत, सर. तुम्ही वाजवाल अजून."

सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. चेहरा उतरला होता. मांडीवरच्या नव्याकोऱ्या गिटारकडे ते बघत राहिले.

"वर्षभर बोटं पडत नव्हती नीट," ते म्हणाले. "मला वाटलं, जुनी गिटारच बिघडली. तारा बदलल्या. गळा घासून घेतला. तरी जमेना."

डॉक्टरांनी आपली गिटार बाजूला ठेवली.

"वडिलांची होती हो ती. शिव्या घालून विकून टाकली मी."